वेशीपासून नदीपर्यंत

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कारंजा, ता. ७ जुलै १९७४, रविवार

चि. जिनदासले, सूनबाई हीराबाईले अन् दुकानातल्या सगळ्या मंडळीले कारंज्याहून आईचा आशीर्वाद.

इकडं मी बरी आहो. गुडघा दुखते, पण तो तुह्या बापाच्या हयातीपासून दुखते, त्याची खबर घ्यायचं काम नाही. पाणी बरं पडून राह्यलं. दोन वर्षांमागं ठणठणीत कोरडी होती ती बेंबळा नदी आता गढूळ का होईना, वाहते. माह्या अक्षरावर हसू नको. मी दुसरीपर्यंत शिकली, अन् तेही शाळेची भिंत अन् आमच्या घराची भिंत एकच होती म्हणून.

तुही चिठ्ठी शुक्रवारी आली. पोस्टमन भाऊसिंग म्हणे, अंगुरीबाई, लिफाफा जड लागते, वाशीमची काही खुशखबर दिसते. मी म्हटलं बस, पाणी पे, वाचून सांगते. वाचली अन् काहीच सांगतलं नाही. तो बिचारा रिकामा लोटा हातात घेऊन तोंडाकडं पाहत बसला.

तू लिहिलं, आपली त्रिशला नदीकाठी पळत फिरते हे गुलाबचंदजीनं डोळ्यानं पाह्यलं. पाह्यलं असन. तो कापसाच्या सौद्याले आलता, बसच्या खिडकीत बसला होता. मी बी त्याले पाह्यलं. तोंडात सुपारी होती अन् तोंड उघडं होतं. हे त्यानं तुले सांगतलं नाही वाटते.

अन् पळते नाही. चोर पळते. पोट्टी धावते.

तुही पोट्टी आहे म्हणून तुले माहीत असाले पाह्यजे, पण दोन वर्षं झाले, तूच तिले इथं माह्यापाशी आणून ठेवली. वाशीमचं घर दुकानाच्या मालानं भरलं, अभ्यासाले जागा नाही म्हणे. बरं झालं ठेवली. मले एकटीले घर खायले उठत होतं. आता ती दहावीत गेली, सोळाची झाली, माह्यापेक्षा वीतभर उंच आहे. वरच्या फळीवरचा डबा मी आता तिलेच काढायले लावते.

शाळेत धनसिंग राठोड म्हणून ड्रिलमास्तर आहेत, इंझोरीकडच्या तांड्यातले. त्याइनं एक दिवस साऱ्या पोट्ट्यायले मैदानात धावायले लावलं. बाकीच्या धापा टाकत बसल्या, अन् ही बाई मैदान संपलं तरी थांबली नाही, तारेच्या कुंपणाले हात लावून परत आली. मास्तर घरी आले. चहा पेले नाहीत, उभ्यानंच म्हणे, आजी, हिले मैदान पुरत नाही. हिले नदीकाठी धावू द्या, मी शिकवतो.

मी म्हटलं, तिच्या बापाले विचारते. नाही विचारलं. तू नाही म्हटलं असतं, अन् तुहा नकार मोडाले मले वाईट वाटलं असतं. त्याच्यापेक्षा हे बरं.

आता तू लिहिलं की आपण जैन, पायाखाली जीव मरते, पावसाळ्यात साधू सुद्धा गाव सोडत नाहीत, अन् आपली पोट्टी चिखलातून उड्या मारते, हे पाप कोणाच्या माथी. जिनदास, हे वाचून मले इतका राग आला की मी चूल पेटवायची विसरली. पायाखालच्या जीवाची गोष्ट तू मले शिकवून राह्यला? पाणी गाळून भरायचं तुले मी शिकवलं. झाकण न ठेवता दिवा लावला म्हणून तुह्या पाठीत धपाटा मी दिला.

म्हणून वाटा सांगते, नीट वाच. ह्या वाटा मास्तरनं नाही, म्या निवडल्या.

एक आहे मंगरूळ वेशीची. वेशीतून बाहेर पडलं की थोडी पांदण, मंग नदीपर्यंत अन् नदीच्या कडेकडेनं नुसता काळा कातळ. पावसाळ्यात हीच. कातळावर गवत नाही, गोगलगाय नाही, गांडूळ नाही. सकाळी वेशीच्या कमानीत पारवे बसून राह्यतात. ही धावत निघाली की सारे एकदम उडतात अन् फडफड घरापर्यंत ऐकू येते. मी ओट्यावर असली तं समजते, निघाली.

दुसरी वाळूची. ती थंडीत, पाणी उतरल्यावर. सोजरबाईची टरबुजाची वाडी आहे ना, तिच्या खालून. वाळू ओली असते, चांदीच्या ताटासारखी चमकते, अन् तिच्या पावलांचे ठसे एका ओळीत उमटत जातात. सोजरबाई म्हणे, ह्या ठशायवर मी पाणी पडू देत नाही, पाहायले बरं वाटते. मास्तर म्हणे वाळूत पाय जड जाते, त्यानं पोटरी घडते.

तिसरी लांबची, रविवारची. पहिल्या बसनं इंझोरी, तथून अडाण नदीचा काठ. तिकडं शालिग्रामचं वावर आहे, तुह्या बापाचा मित्र तो. त्याच्या धुऱ्याच्या बांधाखालून गाडीवाट जाते, बैलायनं तुडवून दगडासारखी केलेली. काठानं अर्जुनाचे मोठमोठे झाडं आहेत, पांढऱ्या खोडाचे. नदी तिथं अशी वळते की पोट्टी एकदा दिसते, मंग झाडाआड जाते, मंग पार दूर, जशी काही दुसऱ्याच गावाची कोणी बाई धावून राह्यली, अशी दिसते. शालिग्राम मले विचारे, वहिनी, ही आपलीच का? मी म्हटलं, लांबून कोणाचीही वाटते, जवळ आली की आपली.

सूर्य उगवल्याबिगर निघायचं नाही, पायापुढची जमीन दिसली पाह्यजे, हा माहा कायदा. धावणं झाल्यावर उकळून गाळलेलं पाणी, फुटाणे अन् गूळ. अन् पांदणीत उंबराच्या झाडाखाली मुंग्यायची रांग आडवी जाते, तिथं मी मऊ कुंचा घेऊन तिच्या पुढं जाते अन् वाट झाडते. अलगद, पानावरून धूळ उडवावी तशी. लोक हसतात. चौकातला पुंजाजी न्हावी म्हणे, अंगुरीबाई आता नदी झाडायले लागल्या, उद्या पाणी पुसतीन. हसू दे. माह्या कुंच्यानं एक मुंगी मेली नाही. तुह्या दुकानात गव्हाले औषध लावतात तिथं काय मरते ते पाह्यलं का कधी?

राह्यला कपडा. तू लिहिलं तिच्या अंगात बापजाद्याचा लेंगा. व्हय, तुह्या बापाचाच आहे, म्या कापून तिच्या मापाचा केला. पेटीत कसर लागून राह्यली होती. ते असते तं त्याइनंच दिला असता. बूट कॅनव्हासचे आहेत, चामड्याचा टाका नाही. कोणी धाडले ते विचारू नको.

असं आहे जिनदास, थंडीत अकोल्याले जिल्ह्याची शर्यत आहे. तिथं जिंकली तं अमरावतीले, साऱ्या वऱ्हाडातल्या पोट्ट्या येतात म्हणे. तेवढं तिले धावू दे. गुलाबचंदच्या भाच्याच्या सोयरिकीचं मंग बोलू. तो भाचा काही नासून जात नाही, लोणचं नाही तो.

आतापुरता राग गिळलेली,
तुही माय
अंगुरीबाई


कारंजा, ता. ३ ऑक्टोबर १९७४

जिनदास,

हीराबाईले आशीर्वाद. तुह्या वाट्याचा सध्या माह्यापाशी ठेवला आहे.

तू गेल्यापासून चार वेळा कागद घेतला अन् चार वेळा ठेवून देला. लिहू काय? तुले सारं माहीत आहे, तूच केलं. पण तू ते केलं अन् बस पकडली, अन् मी त्याच्यासंग राहून राह्यली. म्हणून तुले परत सांगते, तुह्याच डोळ्यापुढं ठेवते.

तू दशलक्षणात आला. मले काय आनंद झाला. म्हटलं, पर्वाचे दिवस, पोरगं आईकडं आलं. मूग भिजू घातले, शेजारी सांगून आली. दुपारी तू म्हणे, माय, त्रिशलाले घेऊन मंदिरात मुनी महाराजांच्या दर्शनाले जाऊ. तुह्या तोंडून मंदिराचं नाव ऐकून वर्षं झाले होते. मी खुळी, माह्या पेटीतली धुतलेली साडी काढून तिले नेसवली. तिनं विचारलं, आजी, बाबा खुश आहेत का माह्यावर? मी म्हटलं, व्हय, दिसते तं आहे.

तिथं साऱ्या गावाचा मेळा. बाया इकडं, माणसं तिकडं, पाटावर महाराज. अन् तू पोट्टीले पुढं ढकलून, दुकानात गिऱ्हाईकाले भाव सांगते तशा आवाजात म्हटलं, महाराज, हिले नियम द्या. धावणं सोडलं म्हणून.

नियम म्हणजे काय, हे तुले पाळण्यात असल्यापासून ऐकवलं. आपल्या मनानं एखादी गोष्ट सोडायची. कोणी कंद सोडते, कोणी तूप, कोणी रातचं पाणी. महाराजांपुढं हात जोडून बोलायचं, अन् बोललं की जीव गेला तरी मोडायचं नाही. आपल्या मनानं, जिनदास. दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं ते दावं असते.

महाराजांनी तुह्याकडं पाह्यलंच नाही. तिच्याकडं पाह्यलं. म्हणाले, बाई, तुझी इच्छा आहे?

सारे लोक पाहून राह्यले. गुलाबचंद पहिल्या ओळीत. आता समजलं तो वाशीम सोडून इथं काहून आलता. पोट्टीनं तुह्याकडं पाह्यलं. तू डोळे वटारले. तिनं हात जोडले अन् म्हटलं, हो. डोळ्यातून पाणी हनुवटीपर्यंत आलं पण आवाज फुटला नाही तिचा. तेवढं तिनं तुह्यापुढं राखलं.

तुह्यासाठी तेवढं बस होतं. तू नमस्कार केला, उठला, अन् गुलाबचंदच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेला. पुढचं ऐकायले थांबला नाही.

तू काय सोडलं रे त्या दिवशी? पान सोडलं? चहा सोडला? सोळा वर्षाच्या पोट्टीचं तेवढं एक सुख होतं, तेच तुले सापडलं. मी तुह्या बापासंग इतके वर्षं काढले. ते तापट होते, थाळी बी फेकत, पण धर्माच्या नावानं कोणाचा हात पिरगळला नाही त्याइनं.

अन् आता ऐक ती कसा पाळून राह्यली.

सकाळी त्याच वेळी उठते. ओट्यावर बसून बूट घालते, नाड्या बांधते. मंग सोडते अन् जागच्या जागी ठेवते. मी चुलीपाशी बसून पाहते अन् माह्या हातातली पोळी जळते. वेशीतले पारवे आता मी गेली तरी उडत नाहीत, म्हातारी काय करते म्हणून बसून राह्यतात.

शाळेतून येतानी पाऊस आला. बाकीच्या पोट्ट्या धूम पळाल्या. ही चालत आली, पुस्तकं पदराखाली धरून, ओलीचिंब. गल्लीत सांड मोकळा सुटला, सारे घरात घुसले, ही भिंतीले पाठ लावून उभी राह्यली. मी ओरडली, अवं पळ. ती म्हणे, आजी, नियम आहे.

अन् परवा इंझोरीच्या फाट्यावर बस सुटून राह्यली होती. धा पावलं नव्हती. कंडक्टर दारातून हात हलवे, पळ पोरी, पळ. ती चालत गेली. बस निघून गेली. साऱ्या बसनं मागं वळून पाह्यलं, ही कोण, पायानं अधू आहे का काय. आमी दोघी चिंचेखाली बसलो. मी तुले इतकं बोलली मनातल्या मनात की तुले वाशीमले उचक्या लागल्या असतीन. तिले म्हटलं, माय, अशा वेळी दोन पावलं टाकली तं देव काही मोजत नाही. ती म्हणे, देवासाठी नाही आजी. म्या म्हटलं ना, हो म्हणून.

ही तुही पोट्टी. हिच्यापासून तुले अब्रूची भीती वाटली.

धनसिंग मास्तर आले होते. म्या सांगतलं, असं असं झालं. त्याइनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मंग म्हणे, चालायले मनाई नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणून ती आता चालते. कातळावरून चालते, नदीच्या धारेतून गुडघाभर पाण्यात धारेच्या उलट्या अंगानं चालते. हे तुले आधीच सांगून ठेवते, गुलाबचंद परत खिडकीतून पाहीन तं तू धाप टाकत येशील. तू मागच्या खेपेले वेशीपर्यंत माह्यासंग आला तं दोनदा बसला होता, आठवते? अन् पोट्टीच्या पायाले बेडी घालते.

त्या दिवशी तू बाहेर गेल्यावर म्या बी एक नियम घेतला. काय सोडलं ते आज सांगत नाही. तू विचारू बी नको. विचारायची सवय तुले नाही म्हणा.

यंदा अधिक महिन्यानं चातुर्मास लांबला. काही लोकायले बरं वाटत असन. मले एक एक दिवस डोंगराएवढा झाला आहे.

तुह्या बापाची बायको,
अंगुरीबाई नथमल


कारंजा, ता. १२ डिसेंबर १९७४, गुरुवार

जिनदासले,

तुही चिठ्ठी पोचली. रविवारी पंधरा तारखेले त्रिशलाले घेऊन वाशीमले ये, गुलाबचंदजीच्या भाच्याकडले लोक पाहायले येतात, तिले जरा गोरं दिसन असं काही लाव, अन् धावण्याबिवण्याचं कोणी बोलू नका, ते आता मिटलं आहे. असं तू लिहिलं.

मिटलं नाही.

घाईत आहो, पिशवी भरायची आहे, पण हे नीट लिहिते, कारण हे वाचताना तुही तब्येत बिघडन अन् हीराबाईले वाटन की म्या काही भलतंच लिहिलं. बसून वाच.

त्या दिवशी तू मंदिरातून उठून बाहेर गेला, पायातलं घातलं, अन् मांडवाच्या कोपऱ्यात गुलाबचंदच्या कानाशी लागला. तवा आत महाराजांनी पोट्टीले विचारलं, बाई, किती काळासाठी? ती आपल्या पायाकडं पाहत राह्यली. महाराज म्हणाले, नियमाले मुदत असते, ती घेणाऱ्यानं सांगायची. जन्माचा नियम मी अजाण लेकराले देत नाही. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली, मले तिच्या तोंडात शब्द घालायचा नव्हता, एकानं घातला तेवढा पुरे. मंग ती म्हणाली, दिवाळीपर्यंत. महाराजांनी मोरपिसाची पिच्छी उचलून आशीर्वाद देला. साऱ्या बायायनं ऐकलं. मंदिरापाशी राह्यते त्या गोजराबाईनं माह्या दंडाले चिमटा घेतला, अजून निळं आहे.

तू मंदिराची पायरी वर्षातून एकदा चढला असता तं तुले माहीत असतं की नियम घेताना मुदत विचारतात. आपल्या घरातलं लेकरू बी हे सांगन. तुले वाटलं, दुकानाले कुलूप लावतात तसं लावलं अन् किल्ली खिशात टाकली. किल्ली तं तिच्यापाशीच होती.

मी लपवलं म्हणशील. तू विचारलं असतं तं सांगतलं असतं. तवापासून तुह्या चिठ्ठ्या आल्या, एकीत कापसाचा भाव, एकीत गुलाबचंदचा भाचा किती शिकला, एकीत मोटारसायकल घेतली म्हणून. पोट्टी कशी आहे हे एकीत बी नाही. मी वाट पाह्यली जिनदास, खरंच पाह्यली. एक ओळ लिहिली असती तं सारं सांगून टाकलं असतं, माह्या पोटात असं काही राह्यते का.

दिवाळीच्या सकाळी आमी मंदिरात गेलो. भगवंताच्या निर्वाणाचा लाडू चढवला. पोट्टीनं डोळे मिटून हात जोडले, बराच वेळ उभी होती. मंग म्हणे, आजी, झालं. आमी घरी आलो नाही. लेंगा अन् बूट पिशवीतच होते, पूजेच्या डब्याखाली. गोजराबाईच्या घरात कपडे बदलले अन् सरळ मंगरूळ वेस.

मी कुंचा घेऊन आधी पांदणीत गेली, उंबराखालची वाट झाडली. मुंग्या थंडीनं कमी होत्या तरी झाडली. मंग मागं वळून हात केला.

पारवे उडाले, जिनदास. साऱ्या कमानीतले एकदम. मले ते आधी दिसले अन् मंग ती दिसली, त्याइच्या खालून. माह्या अंगावरून वारा गेल्यासारखी गेली. माह्याकडं पाह्यलं बी नाही, अन् मले त्याचा इतका आनंद झाला की सांगता येत नाही. कातळावर तिची सावली तिच्या पुढं धावे. पाणी निवळलं होतं, आभाळ त्यात पडलं होतं, अन् काठावरले बगळे काही हलले नाहीत, त्याइले ती ओळखीची वाटली असन. सोजरबाई वाडीतून उठून उभी राह्यली, हातात खुरपं तसंच. पुंजाजी न्हावी दिवाळीच्या गिऱ्हाईकाच्या तोंडाले अर्धा साबण ठेवून वेशीपर्यंत आला म्हणे. मी रडली नाही. मी हसून राह्यली होती, एकटी, कुंचा घेऊन, वेड्या बाईवानी. आपल्या घरात कोणाच्या पायात हे होतं मले माहीत नाही. माह्या तं नाही. मी परणून आली तवा वेशीबाहेर जायचं म्हणजे पडद्याच्या गाडीतून. कुठून आलं, कोणी देलं, काय ठाऊक. आलं आहे तं कोणी बुजवू नये.

धनसिंग मास्तर म्हणे, पाण्यातून चालून चालून पाय असे झाले आहेत की मी शिकवून झाले नसते. म्हणजे यात तुहा बी हात आहे, हे तुले सांगितलंच पाह्यजे, नाहीतं तू म्हणशील की मायनं श्रेय देलं नाही.

गेल्या आठवड्यात अकोल्याची शर्यत झाली. पहिली आली. दुसरी जी आली ती इतकी मागं होती की मास्तरले वाटलं ती पुढच्या शर्यतीची आहे. पितळेचा कप देला. तो तुह्या बापाच्या फोटोपुढं ठेवला आहे, मी त्यात वाती ठेवते.

आता रविवारची गोष्ट. पंधरा तारखेले अमरावतीची शर्यत आहे. तू पाहायचा दिवस तोच निवडला. तुले माहीत नव्हतं हे मी मानते, तितका तू वाईट नाही. पण माहीत असतं तरी तू तोच दिवस ठेवला असता, हे बी मले माहीत आहे, अन् माहा राग त्याचाच आहे. ही चिठ्ठी तुले शनिवारी मिळन. आमी शनिवारी सकाळीच निघतो, मास्तर, त्याइच्या घरची मंडळी, त्रिशला अन् मी. मी बी जाऊन राह्यली. पाणी गाळायचं कापड घेतलं, घागर घेतली, सूर्य मावळायच्या आत तिचं जेवण होईन अशी धर्मशाळेत सोय सांगून ठेवली. कुंचा बी घेतला आहे. मास्तर म्हणे, आजी, तिथं मैदान आहे, मुंग्या नसतात. मी म्हटलं, पाहून ठरवू.

गुलाबचंदले सांग, पोट्टी पाहायची असन तं अमरावतीच्या मैदानाच्या तारेपाशी उभा राहा. भाच्याले बी आण. सुपारी मात्र आधी थुंकून ये म्हणावं, नाहीतं ठसका लागन. तिले पाहून त्याइले नको वाटली तं एक बरं झालं, अन् हवी वाटली तं मंग तिले विचारू. मुदत सुद्धा तिलेच विचारू.

हीराबाईले बुटाचं काही बोलू नको. तिनं काही केलं असन तं आईनं करावं तेवढंच केलं.

आता माहा नियम.

त्या दिवशी त्रिशला उठली अन् तिच्या जागी मी बसली. महाराज म्हणाले, आजी, तुम्हाला काय सोडायचं? मी म्हटलं, माह्या पोराच्या घरचं अन्न अन् पाणी. महाराज म्हणाले, मुदत? मी म्हटलं, तो ह्या पोट्टीले धावताना पाहायले आपल्या पायानं मंगरूळ वेशीपासून नदीपर्यंत चालत येईन तोवर. महाराज म्हणाले, आजी, ही मुदत तुमच्या हातात नाही. विचार करा. मी म्हटलं, म्हणूनच मागते.

म्हणून मी दिवाळीले वाशीमले आली नाही. तू समजला, गुडघा. हीराबाईच्या हातची कढी मले किती आवडते हे तुले माहीत आहे, आता ती सुद्धा सुटली. माहं वय बी तुले माहीत आहे. शेवटच्या दिवसात लोक लेकाच्या हातचं पाणी मागतात. मी नियम मोडणार नाही. तुही पोट्टी बससाठी धावली नाही, मी तिची आजी आहो.

अमरावतीहून आमी सोमवारी येऊ. मंगळवारपासून सकाळी, सूर्य वर आल्यावर, आमी दोघी वेशीत असतो. बसता बसता ये. कमानीपाशी आला की थांब, पारवे उडू दे, मंग नीघ. उंबरापाशी मी असन. कुंचे दोन आहेत, एक तुह्यासाठी भिंतीले टेकवून ठेवते.

आशीर्वाद लिहिला नाही. तो नदीवर ठेवला आहे.

तुही माय
अंगुरीबाई